मानव विकासाचं प्रात्यक्षिक: वही, घड्याळ आणि समोरचं मूल

होम सायन्सला प्रवेश घेतला म्हटलं की ‘म्हणजे स्वयंपाक आणि शिवण ना?’ हा प्रश्न गोव्यात अजूनही येतोच. आहार, वस्त्र, गृहव्यवस्थापन, विस्तारकार्य ही या शाखेची अंगं खरीच. मानव विकास आणि कुटुंब अभ्यास हे आणखी एक. गर्भधारणेपासून म्हातारपणापर्यंत माणूस कसा वाढतो आणि ज्या घरात वाढतो ते घर कसं चालतं, एवढा त्याचा पसारा. पणजीत कांपालला गृहविज्ञान महाविद्यालय आहे, पदवी गोवा विद्यापीठाची. माणूस कसा वाढतो याचे सिद्धांत मांडणारे पियाजे, एरिकसन, वायगॉट्स्की यांचे तक्ते परीक्षेच्या आदल्या रात्रीही पाठ होतात. घोडं अडतं ते प्रात्यक्षिकात, आणि विषय खरा कळतो तोही तिथेच. म्हणून इथे थिअरी बाजूला ठेवून प्रात्यक्षिकाच्या वहीबद्दलच लिहायचं आहे: ती कशी भरते, कुठे बिघडते आणि का बिघडते.

आधी क्रेडिटचा हिशेब. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे ६० तास झाले, आणि टिपणं उतरवून काढायला घरी जो वेळ जातो तो वेगळाच. तासाभराच्या निरीक्षणाची कच्ची टिपणं नीट उतरवायला दोन-तीन तास सहज लागतात. त्यात आपलं कॅलेंडर. जूनमध्ये वर्ग सुरू होतात, टाइमटेबल बसेपर्यंत जुलै उजाडतो, मग चवथ (गणेश चतुर्थी), मग दिवाळी, की सेमिस्टर संपलं. दुसऱ्या सेमिस्टरात स्नेहसंमेलनं, कार्निव्हल आणि शिगमो. संमेलनाच्या सरावात बालवाडीतला मुक्त खेळ बंद असतो, मुलं रांगेत उभी राहून नाच बसवत असतात. त्या पंधरवड्यात खेळाचं निरीक्षण करायला जाणं म्हणजे फेरी फुकट. परवानगीची पत्रं पहिल्या आठवड्यातच हलली पाहिजेत, ती एवढ्यासाठी.

जूनच्या पहिल्या दिवसांचं एक वेगळं आहे. तेव्हा बालवाडीच्या दारात रडारड चाललेली असते, आणि दर वर्षी कुणीतरी ती पाहून वहीत ठोकून देतं, ‘मूल रडले, म्हणजे आईशी असुरक्षित जोड आहे.’ हे सपशेल चूक. जोड, म्हणजे बाळ आणि आई यांच्यातला भावनिक बंध, तपासणारी मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांची ‘अपरिचित परिस्थिती’ ही चाचणी साधारण १२ ते १८ महिन्यांच्या बाळांसाठी, प्रयोगशाळेतल्या आठ छोट्या प्रसंगांतून घ्यायची असते. त्यात वर्गीकरण मुख्यतः ठरतं ते आई परत आल्यावर बाळ काय करतं यावरून. आई जाताना किती रडलं, यावरून नाही. साडेतीन वर्षांचं मूल पहिल्या दिवशी गेटवर रडलं, यातून या बंधाच्या प्रकाराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. लिहायचंच तर एवढं लिहा: किती मिनिटं रडलं, कशाने थांबलं, कुणाच्या जवळ गेलं, आणि घरी न्यायला कुणी आलं तेव्हा काय केलं.

परवानगीचं काम कंटाळवाणं असतं, पण ते टाळून केलेली वही पुढे कामाची राहत नाही. बालवाडीसाठी कॉलेजच्या लेटरहेडवर मुख्याध्यापिकेच्या नावे पत्र. अंगणवाडीत सेविकेला तोंडी विचारून भागत नाही. तिच्या वरती मुख्य सेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी असतात, त्यांच्याकडून लेखी आलं की तीही निर्धास्त होते. पालकांचं संमतिपत्र त्यांना वाचता येईल अशा भाषेत हवं. डिचोली-पेडण्यात मराठी चालतं, वास्कोच्या कामगार वस्तीत हिंदी किंवा कन्नड लागतं. सही घेण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवावं. नाव बदलणं सगळे करतात, पण लहान गावात तेवढ्याने भागत नाही. ‘बाबा बोटीवर नोकरीला, आई पंचायतीत कामाला, घरात जुळी’ एवढ्या वर्णनावरून अख्खा वाडा ओळखतो घर कुणाचं. तपशीलही थोडे पुसट करावे लागतात, आणि खऱ्या नावांची यादी वहीपासून वेगळी ठेवावी लागते. मुलांचे फोटो घेऊ नयेत.

गुप्ततेला एक मर्यादा आहे, ती पहिल्या दिवशीच माहीत हवी. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे बंधन विद्यार्थ्यालाही लागू होतं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला किंवा आईला देऊ नये, ते पाळता येणार नाही. मुलाने काही सांगितलंच तर खोदून खोदून विचारायचं नाही, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी मार्गदर्शक बाईंशी बोलायचं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर असावा.

आता वय. वाटतं तितकं सोपं नाही, आणि इथे चूक झाली की पुढचं सगळंच चुकतं. ‘मूल चार वर्षांचं आहे’ याला निरीक्षणवहीत काडीचा अर्थ नाही. वर्षं, महिने, दिवस लागतात. निरीक्षण १२ ऑगस्ट २०२५चं, जन्म २७ नोव्हेंबर २०२१चा असेल तर: १२ मधून २७ जात नाहीत, ऑगस्टमधून एक महिना म्हणजे ३० दिवस उसने घ्या, ४२ वजा २७ म्हणजे १५ दिवस. महिना उरला ७, त्यातून ११ जात नाहीत, वर्षातून १२ महिने घ्या, १९ वजा ११ म्हणजे ८ महिने. वर्ष उरलं २०२४, वजा २०२१, म्हणजे ३. वय ३ वर्षं ८ महिने १५ दिवस. पालक मात्र ‘चार चालू आहे’ म्हणून मोकळे होतात. जन्मतारीख त्यांच्या तोंडून ऐकून लिहू नये, जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड बघावं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून घ्यायचं. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलं, म्हणून आज सहा महिन्यांचं असेल तर विकासाच्या चाचणीसाठी ते साधारण चार महिन्यांचं. हे न केल्याने कितीतरी धडधाकट बाळं कागदावर ‘मागे’ पडतात.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते सलग नोंदीत. दहा-पंधरा मिनिटं एकाच मुलाकडे बघायचं आणि जे घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेक वह्यांत हे असं येतं:

‘र. खूप हट्टी आहे. तिला ठोकळे वाटून घ्यायला आवडत नाही. नंतर ती रागावून बाहेर गेली.’

यात निरीक्षण एकही नाही. हट्ट, आवड, राग ही तिन्ही लिहिणाऱ्याची मतं आहेत. तीच दोन मिनिटं अशी लिहिली पाहिजेत:

‘९.४२. र. चटईवर मांडी घालून. पुढ्यात सहा ठोकळे, तीन एकावर एक. म. येऊन लाल ठोकळ्यावर हात ठेवतो. र. दोन्ही हातांनी ठोकळा छातीशी ओढते, म्हणते, “म्हजो तो.” म. हात काढत नाही. र. बाईंकडे बघते, साधारण ३ सेकंद. बाई पाठमोऱ्या, फळ्यावर लिहीत आहेत. ९.४३. र. ठोकळा सोडते. उठते. दारातल्या छत्र्यांपाशी जाते, एक छत्री अर्धी उघडते, मिटते.’

दुसऱ्या नोंदीत हट्टी मुलगी दिसत नाही. मोठ्या माणसाची मदत शोधणारी, ती न मिळाल्यावर भांडण सोडून बाजूला होणारी मुलगी दिसते. पहिल्या पद्धतीने लिहिलं असतं तर ‘बाई पाठमोऱ्या’ हे कधी वहीत आलंच नसतं, आणि खरी गोष्ट तिथेच होती.

पानाची आखणीही यासाठीच करतात. पान उभं दुभागायचं, डावीकडचा दोन-तृतीयांश भाग निव्वळ घडलेल्यासाठी, उजवीकडचा एक-तृतीयांश भाग अर्थ लावण्यासाठी. उजवा भाग तिथे बसून भरायचा नाही, त्याच संध्याकाळी घरी भरायचा. दुसऱ्या दिवसावर ढकललं की आठवण स्वतःच गोष्ट रचायला लागते. ‘कंटाळली’, ‘खूश झाली’, ‘लाजली’ असे शब्द डाव्या भागात सापडले की त्यांच्यावर काट मारायची आणि स्वतःला विचारायचं: मला असं का वाटलं? जांभई दिली? डोळे खाली केले? आईचा गाऊन धरला? जे उत्तर येईल ते लिहायचं. मुलाचं बोलणं ज्या भाषेत आलं त्याच भाषेत ठेवावं. कोकणीतलं वाक्य प्रमाण मराठीत सुधारून लिहिलं तर त्याची वाक्यरचना किती पिकली आहे ते नंतर तपासता येत नाही.

बसायचं कुठे? भिंतीला पाठ लावून, मुलांच्या उंचीवर, बाई आणि दार यांच्या मधोमध नाही. पहिल्या दोन भेटींतल्या नोंदी सरावाच्या समजाव्या, कारण तेव्हा मुलं आपल्याकडेच बघत असतात. ‘टीचर, तू कितें बरयता?’ (काय लिहितेस?) असं कुणीतरी विचारतंच. ‘अभ्यास करतेय माझा’ म्हणायचं आणि पुन्हा वहीत डोकं घालायचं. गप्पा मारल्या की आपण त्यांच्या खेळातले एक झालो, आणि बघणारं कुणी उरलं नाही. फोनवर टिपणं घेऊ नयेत. फोन दिसला की व्हिडिओ लावा म्हणून घोळका जमतो. पावसाळ्यात पेनापेक्षा पेन्सिल बरी. जुलैत वहीची पानं इतकी दमट असतात की शाई पसरते, आणि कागद फाटेपर्यंत खोडावं लागतं.

यानंतर वेळेचं नमुना-निरीक्षण. संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार मांडले: रिकामं असणं, एकट्याने खेळणं, प्रेक्षक होणं, समांतर खेळ, सहयोगी खेळ आणि सहकारी खेळ. वर्गात अजून हेच सहा वापरतात. सहा मुलं ठरवायची, २० सेकंद एकाकडे बघायचं, १० सेकंदात खूण करायची, मग पुढचं मूल. सहा मुलांची एक फेरी तीन मिनिटांची, दहा फेऱ्या म्हणजे अर्धा तास आणि ६० खुणा. एका मुलाच्या वाट्याला फक्त दहा खुणा येतात, म्हणून एका दिवसावरून निष्कर्ष काढायचा नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी करावं लागतं. डब्याआधीचा खेळ आणि डब्यानंतरचा खेळ यांत फार फरक असतो. सेकंदकाटा असलेलं जुनं घड्याळ पॅडच्या क्लिपला बांधलं की मान वर-खाली करावी लागत नाही.

हे काम दोघांनी मिळून, एकमेकांच्या खुणा न बघता करायचं असतं. मग जुळणी काढायची: जुळलेल्या खुणा भागिले एकूण खुणा, गुणिले १००. ६० पैकी ४५ जुळल्या तर ७५ टक्के. साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेलं की व्याख्या सैल आहेत असं धरतात. कुणाच्या डोळ्यांत दोष नसतो, घोळ जवळजवळ नेहमी समांतर आणि सहयोगी यांच्यामध्ये असतो. दोन मुलं शेजारी वाळूत बसली आहेत, एकाने न विचारता दुसऱ्याचा डबा उचलला, दुसऱ्याने बघितलंही नाही. हे काय? आधी नियम लिहून घेतला असेल तर वाद होत नाही. उदाहरणार्थ: हाताच्या अंतरावर, तेच साहित्य, पण बोलणं किंवा देवाणघेवाण नाही, तर समांतर. बोलणं किंवा वस्तूची देवाणघेवाण झाली, पण काम वाटलेलं नाही, तर सहयोगी. ‘तू आई, हांव (मी) डॉक्टर’ अशी भूमिकांची वाटणी झाली, तर सहकारी. न विचारता उचललेला डबा देवाणघेवाणीत धरायचा की नाही, हेही त्यातच लिहून ठेवायचं.

टक्केवारी फसवतेही. समजा एक मूल बहुतेक वेळ एकटंच खेळतं आणि दोन्ही निरीक्षकांच्या ६० पैकी ५४ खुणा ‘एकट्याने’च्या आहेत, बाकी सहा ‘इतर’मध्ये. त्यांच्या ५४ खुणा जुळल्या तर जुळणी ९० टक्के येते. छान वाटतं. पण डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी निव्वळ योगायोगाने ८२ टक्के जुळल्या असत्या. कोहेन यांचा कापा हा निर्देशांक योगायोग वजा करतो: ०.९० वजा ०.८२, भागिले ०.१८, म्हणजे फक्त ०.४४. गणित एवढंच आहे, तरी कापा वहीत क्वचितच दिसतो. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक नेमकं तिथे बोट ठेवतात.

आणखी एक, पार्टेनचे प्रकार चढत्या शिडीसारखे वाचू नयेत. पाच वर्षांची मुलगी कोपऱ्यात एकटी बसून चित्र रंगवते आहे म्हणून ती सामाजिकदृष्ट्या मागे नाही. काही कामं एकट्यानेच करायची असतात, मोठ्यांनासुद्धा.

पियाजेचे प्रयोग सगळ्यांना आवडतात, म्हणून ते घाईत होतात. द्रवाच्या अक्षय्यतेचा, म्हणजे भांडं बदललं तरी द्रव तेवढाच राहतो ही समज तपासणारा, प्रयोग घ्या. दोन अगदी सारखे, सरळ भिंतीचे ग्लास आणि एक उंच, अरुंद. पाणी दिसावं म्हणून त्यात कोकमाच्या आगळाचे काही थेंब. दोन्ही ग्लासांत सारखं भरायचं आणि मुलाला विचारायचं. मूल ‘सारखं’ म्हणेपर्यंत थेंब-थेंब कमी-जास्त करत राहायचं. ही पायरी गाळली तर प्रयोग सुरूच झालेला नाही. मग मुलाच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं उंच ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, ‘आता दोन्हींत सारखं आहे, की एकात जास्त आहे?’ पर्याय दोन्ही द्यायचे. ‘कशात जास्त आहे?’ असं विचारलं तर कशात तरी जास्त आहेच, हे आपणच सांगून बसतो. उत्तर आल्यावर ‘कसं काय?’ विचारायचं, कारण गुण उत्तराला नाहीत, कारणाला आहेत. ‘तेंच उदक न्हय?’ (तेच पाणी ना?) हे एक कारण झालं. ‘परत ओतलं तर तेवढंच होईल’ हे दुसरं. ‘हा उंच आहे पण बारीक आहे’ हे तिसरं. तिन्हींपैकी एखादं आलं तर अक्षय्यता आली. ‘कारण मी मोठा आहे’ असंही येतं, तेही लिहायचं. शेवटी पाणी मूळ ग्लासात परत ओतून पुन्हा विचारायचं. द्रवाची अक्षय्यता साधारण सहा-सात वर्षांना येते, पण वयावरून उत्तर गृहीत धरून प्रयोग करायचा नाही.

बिघडतं कुठे? एक तर मूल तहानलेलं असतं. ‘जास्त कशात’ याचा अर्थ त्याला ‘तुला कुठला हवा’ असा लागतो. दुसरं, प्रश्न दोनदा विचारला की मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं. रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी १९७४ साली संख्येच्या प्रयोगात हेच दाखवलं: वस्तूंच्या रांगेची मांडणी बदलल्यानंतर एकदाच विचारलं तेव्हा मुलांच्या चुका कमी झाल्या. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी संख्येच्याच प्रयोगात मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडून रांग विस्कटून घेतली, तर कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. म्हणजे मुलं आपला चेहराही वाचत असतात. वहीत ‘मूल पूर्वक्रियात्मक अवस्थेत (म्हणजे ही समज येण्याआधीच्या पायरीवर) आहे’ एवढं लिहून थांबण्यापेक्षा प्रश्न कोणत्या शब्दांत आणि किती वेळा विचारला ते लिहिणाऱ्याची वही मोलाची. तीन वर्षांखालच्या मुलांपुढे काजूबिया, मणी, बटणं असलं काही मोजायला ठेवू नये, तोंडात जातं. रिकाम्या काड्यापेट्या चालतात.

वजन-उंचीत गंमत नाही, शिस्त आहे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून, दोन वर्षांनंतर उंची उभं करून. आडवं आणि उभं यात ०.७ सेंटिमीटरचा फरक धरतात. सव्वादोन वर्षांचं मूल उभं राहायला तयारच नसेल तर आडवं मोजून ०.७ वजा करायचं आणि तसं लिहायचं. आडवं मोजायला दोन माणसं लागतात, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे आणि तळवे. एकट्याने केलं की बाळ तिरपं होतं आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा घोळ होतो. वजनाआधी काटा शून्यावर आहे का बघावं, काटा सपाट फरशीवर ठेवावा, चपला, जाड कपडे, कमरेचा करदोडा काढता येत असेल तर काढावा. मुलींच्या डोक्यावरच्या शेंड्या आणि क्लिपा उंची वाढवतात. प्रत्येक माप दोनदा घ्यायचं. उंचीत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. दंडाचा घेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, पट्टी न आवळता. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलात ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. २००६च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर ठिपका देताना वय पूर्ण झालेल्या महिन्यांत घ्यायचं, आणि मुलाचा तक्ता व मुलीचा तक्ता वेगळा असतो. हसू नका, ही चूक होते.

विकासाच्या चाचण्यांत भारतीय मुलांवर बेतलेल्या दोन तरी हाताळायला मिळाव्यात. बडोद्याला प्रमिला फाटक यांनी तयार केलेली डासी ही सविस्तर मोजपट्टी, ६७ कृती शारीरिक हालचालींच्या आणि १६३ मानसिक, अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी. ती प्रशिक्षणाशिवाय घेऊ नये. त्रिवेंद्रमचा तक्ता मात्र १७ कृतींचा, दोन वर्षांपर्यंत, पाच-सात मिनिटांत होणारा. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलीच्या पूर्ण डावीकडे राहिलेली एखादी कृती बाळ करत नसेल तर पुढे तपासणीला पाठवायचं. हा तक्ता फक्त चाळणी आहे. ‘मंदबुद्धी’, ‘स्वमग्न’ असे शब्द विद्यार्थ्याच्या वहीत येता कामा नयेत, आईसमोर तर नाहीच.

कुटुंबाचा अभ्यास वेगळ्याच कारणाने अवघड जातो. पहिला प्रश्न: घरात किती माणसं? जनगणनेच्या हिशेबात एका स्वयंपाकघरात जेवणारी आणि नेहमी एकत्र राहणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. आपल्याकडच्या जुन्या घरात एका छपराखाली तीन चुली असतात, रेशनकार्डं दोन असतात, आणि चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधताना सगळे मिळून एकच कुटुंब असतात. वडील आठ महिने बोटीवर. वहीत ‘वडील: अनुपस्थित’ असं लिहिणं घोर अन्याय आहे. ते पैसे पाठवतात, रोज रात्री व्हिडिओ कॉलवर गृहपाठ बघतात, शाळा कुठली हे त्यांनीच ठरवलेलं असतं. म्हणून तीन रकाने करावेत: कोण राहतं, कोण पोसतं, कोण ठरवतं. वंशवृक्षाच्या आकृतीत पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, किमान तीन पिढ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत गोव्याचा एकूण जननदर (दर बाईमागे सरासरी मुलं) १.३ आला, त्यामुळे खालची ओळ बहुतेक वेळा फार आखूड निघते, आणि मुलाच्या खेळगड्यांत चुलत-मामेभावंडांपेक्षा आजी-आजोबा जास्त.

मुलाभोवतीचं घर, शाळा, बाहेरचं जग आणि काळ एकात एक दाखवणारी ब्रॉन्फेनब्रेनर यांची वर्तुळं सगळे काढतात, पण बाहेरच्या वर्तुळात ‘समाज, सरकार, प्रसारमाध्यमं’ असं काहीतरी भोंगळ लिहून ठेवतात. तिथे नेमकं लिहिता येतं. वडिलांचं बोटीवरचं काँट्रॅक्ट पुढे वाढलं की नाही, हे मूल कधीच बघत नाही, पण त्याचं घर त्यावर चालतं. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या घरांत ट्रक अंगणात आणि हप्ते डोक्यावर, अशी अवस्था झाली. बाहेरचं वर्तुळ आणि काळाचं वर्तुळ यांचं याहून स्पष्ट उदाहरण पुस्तकात शोधायची गरज नाही.

पुस्तकांचा आणखी एक घोटाळा गोव्यात हमखास होतो. देशभर वापरायच्या पाठ्यपुस्तकांत विवाह आणि वारसा या प्रकरणात १९५५चा हिंदू विवाह कायदा दिलेला असतो, आणि विद्यार्थी तो गोव्यातल्या घराच्या अभ्यासात उतरवतात. इथे पोर्तुगीज काळातला १८६७चा नागरी कायदा वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. लग्न नागरी निबंधकाकडे दोन टप्प्यांत नोंदवलं जातं, आधी इच्छेची नोंद, मग ठरावीक मुदतीनंतर कायम करणं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची समाईक होते. वारसांना डावलून आई-वडिलांना मृत्युपत्राने फक्त अर्ध्या वाट्याची विल्हेवाट लावता येते. वारसाहक्काचे नियम आता गोव्याच्या २०१२च्या कायद्यात आहेत, तो २०१६मध्ये अमलात आला. पहिली सही झाली, दुसरी राहिली, अशी जोडपी असतात. म्हणून ‘वैवाहिक स्थिती’ या रकान्यात घरच्यांचं उत्तर आणि नोंदणीची स्थिती वेगळी लिहावी, तीही सहज बोलण्यात आली तरच. मालमत्तेचे प्रश्न थेट विचारायचे नाहीत. बोलणं तिथेच संपतं.

मुलाखतीत ‘तुम्ही मुलाला मारता का?’ याला ‘नाही हो’ हेच उत्तर येणार. ‘काल रात्री जेवताना त्याने त्रास दिला तेव्हा काय झालं?’ असं विचारलं की माणसं सांगतात. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस तासातासाने विचारावा: आंघोळ कुणी घातली, डबा कुणी भरला, झोपवलं कुणी. मोठी अडचण अशी की आजी शेजारी बसलेली असते आणि सुनेला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आजीच देते. आजीला गप्प करायचं नाही. तिचं सगळं मनापासून लिहून घ्यायचं, चहा प्यायचा, आणि सुनेशी बोलणं दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या गेटवर, ती मुलाला न्यायला येते तेव्हा करायचं. दोघींच्या उत्तरांत जो फरक पडेल तो खोडू नये, दोन्ही उत्तरं नोंदवावी. चवथीच्या दिवसांत मुलाखत मागू नये. पण मूल दहा-बारा नातेवाइकांत कसं वावरतं हे बघायची तीच वेळ असते, बोलावलं तर जावं.

पक्की वही लिहिताना कच्ची फेकू नका. परीक्षक दोन्ही शेजारी ठेवून बघतात, आणि पक्क्या वहीतलं एखादं सुंदर वाक्य कच्चीत नसेल तर विचारतात, हे कुठून आलं. तारखा, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, हजर मुलं, पाऊस होता का, वीज होती का, हे प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर हवं. मध्येच वीज गेली आणि मुलं दाराशी सरकली, तर पुढच्या दहा खुणांचा अर्थ बदलतो.

पदवीनंतरचं थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेत होम सायन्सचा कोड १२, त्यात मानव विकासाचा भाग असतो. बालवाडी, पाळणाघर, स्वयंसेवी संस्था, एकात्मिक बालविकास सेवा इथे कामं निघतात; मुख्य सेविकेच्या जाहिरातीत पात्रतेची ओळ अक्षरशः वाचावी, ती दर वेळी तीच असेल असं धरू नये. विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसतज्ज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती या पदवीवर मिळत नाही, त्यासाठी परिषदेने मान्यता दिलेला वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावण्याआधीही हे वाचून घ्यावं.